दोन थेंब

“पिवळं निघालं!” सरपंच जागेश्वरभाऊंनी काचेची नळी उन्हात धरली आणि असा आवाज दिला, की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली.

व्हॉल्व्ह बंद करून धापा टाकत आलेल्या संघपालनं कपाळावरचा घाम पुसला. पाण्यात क्लोरीन असलं की तपासणीच्या औषधाचे दोन थेंब पडताच नळीतलं पाणी पिवळं होतं, नसलं की होत नाही. आठ वर्षं गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला हे पाठ असायचंच. पण त्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. ब्लीचिंग पावडरची शेवटची गोणी संपून वीस दिवस झाले होते.

त्यानं तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा सरपंच म्हणाले, “आणतो ना बे दिघोरीहून, कुठं पळून चालली पावडर?” चौथ्यांदा सांगायची त्याची छाती झाली नाही. त्याला नोकरीत कायम करायचा ठराव महिनाअखेरच्या सभेत यायचा होता, आणि मांडणार होते सरपंचच. म्हणून तो रोज वहीत ‘पावडर टाकली’ असं लिहून सही ठोकत होता.

घरी मात्र त्यानं बायकोला पाणी उकळायला लावलं होतं. पार्वता करवादली होती, “एक तं तलाव आटला, नळाच्या विहिरीत सारा पळसाच्या पानांचा काढा उतरून राहिला, कपडे धुतले का चहात बुडवल्यावानी दिसतेत. अन् त्यात हे नवीन काय काढलं?” पोट साफ राहते, असं काहीतरी सांगून त्यानं वेळ मारून नेली. गावानं पाणी तसंच प्यावं आणि आपण उकळून, याची त्याला मनातून फार लाज वाटे. लाजेनं पावडर थोडीच येते!

मग आज पिवळं कसं? संघपालनं जास्त खोलात जायचं टाळलं. नशिबानं हात दिला होता, तर नशिबाची उलटतपासणी कशाला?

सरपंचांनी नळीसह फोटो काढून घेतला. उपकेंद्राची नवी आरोग्यसेविका प्रतिक्षा नळी भरून टाकीच्या कट्ट्यावर सावलीला टेकली होती. सातवा महिना, वरून भर उन्हात पायी आलेली. “अवो सरपंचभाऊ,” असं ती दोनदा म्हणाली, पण त्या गलक्यात तिचं कोण ऐकतो?

“घ्या सिस्टर, आमच्या गावचं पाणी प्या!” सरपंचांनी नळाखाली काचेचा ग्लास भरून तिच्या हाती दिला. “पास झालेलं हाये!”

प्रतिक्षानं ग्लास उचलला. संघपालची नजर तिच्या पोटावर गेली, आणि त्याला आपल्या चुलीवरचं पातेलं आठवलं. गप्प राहायचं त्यानं पक्कं ठरवलं होतं. पण पाय आपोआप पुढं झाले.

“पिऊ नोका, सिस्टर! वीस दिवसांपासून पावडरच नाही. मी नुसत्या सह्या करून राहिलो!”

सरपंचांचा चेहरा लालबुंद झाला. “येडा झाला का बे? पावडर नाही तं हे पिवळं काहून झालं?”

संघपालनं नळीकडं पाहिलं. ठराव तर गेलाच, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी वीस दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला, आणि बरं वाटलं.

प्रतिक्षानं ग्लास खाली ठेवला. पिशवीतून तिनं तपासणीच्या औषधाची बाटली काढली. झाकणाचं सील जसंच्या तसं होतं.

“बरं झालं भाऊ, तुमी आपल्या तोंडानं सांगितलं,” ती म्हणाली. “मी पिऊन नव्हती राहिली, पाण्याचा रंग पाहून राहिली होती. थेंब तं मी अजून टाकलेच नाही.”