पालथं पातेलं

नव्या मिसूरी राज्यात गुलाम ठेवायला राजधानीतून मोकळीक मिळाली, तशी मालकानं व्हर्जिनियातली शेती मोडली, स्वयंपाकीण केझायाची लेक टेम्पी दलालाला विकली आणि बाकीच्या गुलामांना गाड्यांमागून पश्चिमेकडे चालवलं. केझायानं बिडाचं पातेलं वाटभर पालथंच ठेवलं. व्हर्जिनियात गुलाम चोरून प्रार्थनेला जमले की ते पातेलं दारात पालथं घालायचे. आवाज त्यात साठतो, मालकापर्यंत पोचत नाही, अशी श्रद्धा. “पातेलं पालथं का? मेलंय का कुणी?” नव्या घरात बाईसाहेब कडाडल्या. “सरळ कर, घेवडा शिजत घाल!” केझायानं पातेलं उचललं. आतून पुटपुट आली, मग हुंदके, मग प्रार्थनेचं गाणं म्हणणारा टेम्पीचा खणखणीत गळा. बाईसाहेब पांढऱ्याफटक पडल्या, घागरा सावरत पळाल्या. केझायानं झटकन पातेलं पालथं घालून त्यावर गाल टेकला. “थांब गं बाळा,” ती कुजबुजली, “सगळी आजच संपू नकोस.”