अभिमान झालाय

“आजी, मला तुझ्यावर अभिमान झालाय,” असं म्हणून आभा सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिनं टीव्ही लावला.

विजयाबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सात वर्षांची नात, जन्म कोलकात्यातला, शाळेत आजूबाजूला सगळी बंगाली पोरं, मराठी बोलते तेही अडखळत. पण आजीचा अभिमान आहे म्हणते. व्याकरण जरा घसरलं होतं, ते त्यांनी माफ केलं. लगेच सांगलीला बहिणीला फोन लावून ही बातमी दिली. आमच्या नातवंडांना असलं काही सुचत नाही बाई, म्हणून बहिणीनं तिकडून सुस्कारा टाकला, त्यामुळे आनंद दुप्पट झाला.

फोन ठेवून त्यांनी नातीला जवळ बोलावलं. ती आली नाही. बेसनाचा लाडू पुढे केला, तर तिनं तो बघून न बघितल्यासारखं केलं. अभिमान वाटणारं माणूस असं वागतं होय? उद्या हावड्याहून त्यांची परतीची गाडी होती, आणि पंधरा दिवस गळ्यात पडलेली पोर ऐन शेवटच्या दिवशी पाठ करून बसली होती. मुलगा सलील आतल्या खोलीत रविवारची झोप काढत होता. सून बाजारात गेली होती. विचारायला कोणी नाही, म्हणून त्याही टीव्ही बघायला लागल्या.

कार्टून बंगालीत होतं. विजयाबाईंना बंगालीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कार्टूनला भाषा लागते कुठे? खारीनं अस्वलाला जांभळं पाडायला बोलावलं होतं. अस्वल आलंच नाही. मधल्या मधे कोल्ह्यानं तिची जांभळं पळवली. कोल्ह्याच्या अंगावर ती दात विचकून धावून गेली. अस्वल आलं तेव्हा मात्र ती ढोलीत शिरली, पाठ फिरवून बसली आणि काहीतरी पुटपुटली. त्यातला एक शब्द विजयाबाईंनी बरोबर पकडला.

“कसला अभिमान गं तिला? जांभळं तर गेली.”

आभा बोलणार नव्हती, पण आजीचं अज्ञान तिला बघवेना.

“कोल्ह्यावर राग येतो,” ती टीव्हीकडे बघतच म्हणाली. “अभिमान आपल्या माणसावर होतो. त्यानं स्वतः समजायचं असतं. आपण सांगायचं नसतं.”

म्हणजे रुसवाच की, असं विजयाबाई म्हणाल्या. आभानं जोरजोरात नकारार्थी मान हलवली. रुसवा चॉकलेट दिलं की जातो. खारीला जांभळं नकोच होती, हे तिनं अर्धं मराठीत, अर्धं बंगालीत समजावून सांगितलं.

“आणि तुला माझ्यावर का झाला?”

आभानं टीव्हीचा आवाज कमी केला. “तू उद्या जातेस. राहू का, असं विचारलं पण नाही कोणाला.”

विजयाबाईंनी लाडवाची बशी उगाच जरा सरकवली. राहू का, असं आईनं विचारायचं असतं की राहा, असं मुलानं म्हणायचं असतं? सलीलनं येतानाच्या तिकिटाबरोबर जातानाचंही काढून ठेवलं होतं, आईला खालचा बर्थ मिळावा म्हणून. काळजीनंच काढलं होतं. तरी पंधरा दिवस त्या वाट बघत होत्या, जेवताना, चहा घेताना, की आता तो म्हणेल, आई, रद्द करू का तिकीट? तो म्हणाला नव्हता. राग यावा असं त्यानं काही केलेलंच नव्हतं. रुसावं, तर सत्तरीच्या बाईला लोक हसतील. छातीत जे काही अडकून बसलं होतं त्याला नाव नव्हतं, म्हणून त्यांनी ते बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि इथल्या लोकांनी त्याला नाव देऊन ठेवलं होतं, तेही आपल्याच ओळखीचं. त्यांना फार बरं वाटलं आणि रडूही आलं.

मग अस्वल काय करतं, हे त्यांना आता कळायलाच हवं होतं. अस्वलानं ढोलीशी जाऊन विचारलं. खार गप्प. अस्वल डोकं खाजवत बसलं.

तेवढ्यात सलील डोळे चोळत बाहेर आला. बॅग भरून झाली का आणि टॅक्सी किती वाजता सांगू, असं त्यानं विचारलं.

“सलील, मला तुझ्यावर अभिमान झालाय.”

तो हसला. आईनं कौतुक केलं की हसायचं, ही त्याची जुनी सवय. कशाबद्दल गं, म्हणत त्यानं बशीतला लाडू उचलला आणि मग त्याचा हात तिथेच थांबला. आई ‘तुझा’ म्हणाली नव्हती, ‘तुझ्यावर’ म्हणाली होती. नऊ वर्षं कोलकात्यात काढलेल्या त्याच्या कानांना ते वाक्य जरा उशिरा ऐकू आलं. विजयाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

“आई, काय झालं?”

विजयाबाईंचे ओठ हलले. त्या सांगूनही टाकणार होत्या. पण आभा सोफ्यावरून सरकत सरकत आली आणि तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

“अजून विचार, बाबा,” ती म्हणाली. “पहिल्यांदा कोणी सांगत नाही.”