तिसरा किडा

“खा की,” साईनाथ म्हणाला आणि त्याने दलसूच्या कानाखाली दुसऱ्यांदा वाजवली.

डब्याच्या झाकणात तीन किडे होते. काळे, पाठीवर नारिंगी पट्टे. साईनाथने ते जास्वंदीच्या कुंपणावरून कागदात धरून आणले होते. अजून चालत होते.

हडपसरच्या त्या आयटी पार्कमध्ये गार्डांची खोली तळघरात होती. जेवणाची सुट्टी होती. आठ गार्ड डबे उघडून बसले होते. समर्थ जेवण सोडून मोबाइलवर शूटिंग करत होता.

दलसू गडचिरोलीतल्या भामरागडकडचा. कामावर लागून तीन महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्याने आईने दिलेली लाल मुंग्यांची चटणी सगळ्यांपुढे धरली होती. समर्थने बोटावर घेऊन चाखली आणि पुन्हा बोट पुढे केलं. सुपरवायझर साईनाथने लाथ मारून ती डबी उडवली. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः दलसूसाठी किडे आणू लागला. कधी नाकतोडा, कधी रातकिडा. दलसू त्यांचे पाय आणि पंख मोडून टाकी, उरलेलं चावून खाई, वर पाणी पिई. तो ओकत नसे, रडत नसे. व्हिडिओत हसण्यासारखं काही सापडत नसे. साईनाथला राग होता तो याचाच.

आज दलसू पहिल्यांदाच नाही म्हणाला होता.

“हे खात नाहीत, साहेब.”

“का? आज उपास हाय व्हय?”

“हे विषारी असतात. घसा सोलून निघतो. माझ्या मामाचा मुलगा यानंच गेला.”

साईनाथचा चेहरा उजळला. “घाबरलं. बघा रे, शेवटी घाबरलं.” त्याने दलसूचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. थांबला, पुन्हा आपटलं. नाकातून आलेलं रक्त दलसूच्या गणवेशावर सांडलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. साईनाथने बोटांनी ते उघडायचा प्रयत्न केला. उघडले नाहीत.

“साहेब, तो काय खात नाय,” समर्थ मोबाइलमागून म्हणाला. “तुम्हीच दाखवा खाऊन. व्ह्यूज तरी येतील.”

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. साईनाथने एकेकाकडे पाहिलं. हसू थांबलं नाही. त्याने झाकण उचललं, मोबाइलकडे तोंड केलं आणि तिन्ही किडे एकदम तोंडात टाकले.

दलसूने नुसतं बसून राहायचं होतं. तेवढं पुरलं असतं.

तो उठला. त्याने साईनाथच्या पोटात गुडघा घातला. साईनाथ वाकला तसा त्याचा जबडा पकडला आणि दोन बोटं तोंडात घातली. साईनाथ कडकडून चावला. दलसूने बोटं तशीच ओढली. दोन किडे फरशीवर पडले. एक अर्धा चिरडला होता.

तोवर गार्ड धावले होते. पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी पाठीवर. सुपरवायझरवर हात टाकलेला सगळ्यांनी पाहिला होता. दलसूने फरशीवर नजर फिरवली. दोनच होते. त्याने पुन्हा साईनाथचा जबडा धरला. तिसरी काठी डाव्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. उजव्या हाताची बोटं घशापर्यंत गेली. साईनाथ ओकला. ओकारीत तिसरा किडा होता. दलसूने तो बुटाखाली चिरडला. मग तो खाली बसला आणि लोक मारत राहिले.

संध्याकाळी सहाला पोलीस चौकीत फिर्याद लिहून झाली होती. दलसू बाकावर बसला होता. त्याला तपासणीला न्यायची गाडी अजून आली नव्हती. हवालदार हेमाबाईंनी कागद साईनाथपुढे सरकवला.

“वाचा आणि सही करा.”

“ओठावर मारलंय हे पण लिवा,” साईनाथ म्हणाला. बोलताना त्याची जीभ अडखळत होती. खालच्या ओठावर पाण्याने भरलेला मोठा फोड आला होता. “बुक्की मारली त्यानं.”

“बुक्कीनं सूज येते. फोड येत नाही,” हेमाबाई म्हणाल्या. “चहा फार गरम होता का?”

साईनाथ बाकाकडे पाहत होता. दलसूचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. दोन बोटं पेरांपासून नखांपर्यंत फुगली होती. त्यांच्यावर तसेच फोड होते, द्राक्षाएवढे. एक फुटून त्याचं पाणी मनगटावर ओघळलं होतं. बाकीची तीन बोटं स्वच्छ होती.

साईनाथने आवंढा गिळला. आणखी एक गिळून पाहिला. मग त्याने पेन टेबलावर ठेवलं.

हेमाबाईंनी त्याच्या ओठाकडे पाहिलं, दलसूच्या बोटांकडे पाहिलं. पुरावा म्हणून घेतलेला समर्थचा मोबाइल त्यांच्यासमोरच होता. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि या वेळी शेवटपर्यंत पाहिला. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज चौकीत दोनदा घुमला. मग त्यांनी त्याआधीचे किड्यांचे व्हिडिओही उघडले; पहिला जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीचा होता.

“तीन महिने हा माणूस तुला छळतोय,” त्या दलसूला म्हणाल्या. “गिळू द्यायचं होतंस.”

दलसूने मोडलेलं मनगट पोटाशी धरलं.

“किडा खाता येतो हे त्यांनी माझ्याकडूनच पाहिलं होतं,” तो म्हणाला.