आतले टाके

"वरचे टाके सगळेच बघतात, उर्मिलाताई. तुम्ही आतले सांभाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पिशवी काढली तिथे आत शिवून बंद केलंय. ते टाके काढायचे नसतात, आपोआप विरघळतात. पण तिथलं भरून यायला वेळ लागतो. सहा आठवडे भरलेली कळशीसुद्धा उचलायची नाही. आणि लाल दिसलं, तर तशाच निघून यायचं."

आज अठरावा दिवस. चौक गावाच्या अलीकडे, देवीच्या टेकडीखाली उर्मिला अनवाणी उभी होती, आणि सकाळपासून लाल दिसत होतं.

सासू, गोदूबाई, विहिरीवर तांब्याचा हंडा भरत होती. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दाराशी उभं राहून तिनेच देवीला नवस बोलला होता. सून सुखरूप बाहेर आली, तर तिसऱ्या मंगळवारी तुझ्या अंघोळीचं पाणी तिच्याच डोक्यावरून आणीन. स्ट्रेचरवरून उर्मिलेनेही हात जोडून मान हलवली होती.

"आई, आणखी महिनाभर थांबूया का? देवी रागवायची नाही."

"ऑपरेशनच्या टेबलावर तिनं तुला ताटकळत ठिवलं व्हतं काय?" गोदूबाईने हंड्याचा काठ पदराने पुसला.

उर्मिलेने नवऱ्याकडे पाहिलं. आत्माराम नव्या मोबाईलचा कॅमेरा लावून उभा होता.

"टाके काढले ना गं आठव्या दिवशी? मी समोर होतो. सातच्या सात."

"ते वरचे. आतले अजून..."

"आत कोण बघायला गेलंय? डॉक्टर लोक घाबरवतात गं. चल, रिक्षावाला वेटिंग लावतोय."

मग उर्मिला सासूजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आई, मला दिसतंय. सकाळपासून."

सव्वीस वर्षं या एका वाक्याने तिला देवघराबाहेर ठेवलं होतं. महिन्याचे चार दिवस गॅलरीच्या दाराशी वेगळी चटई, वेगळं ताट. हे सांगताना दर वेळी तिची मान खाली जायची. आज पहिल्यांदा तिने सासूच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

गोदूबाईचा हात हंड्यावर थांबला. तिने सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पिशवी हाय तुझ्या पोटात?"

"नाही."

"मंग विटाळ कसला? ते नुसतं रगत हाय."

तिने उर्मिलेच्याच पदराची चुंबळ वळून तिच्या डोक्यावर ठेवली. हंडा उचलायला आत्माराम पुढे आला. वजन डोक्यावर बसलं, तसं उर्मिलेच्या ओटीपोटात काहीतरी ताणलं गेलं. तिने डोळे मिटले. टेकडीवरच्या देवीला पहाटे रोज करायची तसाच मनातल्या मनात नमस्कार केला. देवीने आपलं काम केलं होतं. आता उर्मिलेची पाळी.

"बघ, काही झालं का?" आत्माराम हसला. "उगाच घाबरत होतीस."

"आन् नीट ऐक," मागून गोदूबाई म्हणाली. "एक थेंबसुदीक सांडायचा न्हाय."

उर्मिलेने मांड्या घट्ट आवळल्या आणि पहिली पायरी चढली.