पहिलं प्रकरण

“ही ह्यांनी तुमच्यासाठी केली होती,” म्हणत वहिनींनी माईणकरांच्या हातात काजळी धरलेली काच ठेवली. तगाऱ्यांच्या फोटोपुढे समई तेवत होती.

दोघं मित्र मिळून प्रकाशाच्या शोधांवर पुस्तक लिहीत होते. पहिलं प्रकरण तगाऱ्यांना कणांचं हवं होतं, माईणकरांना लहरींचं. त्यावरून बोलणंच बंद झालं.

काजळीवर ब्लेडने ओढलेल्या दोन बारीक रेघा होत्या. माईणकरांनी काच डोळ्याशी धरून समईकडे पाहिलं. ज्योतीच्या जागी उजेडाचे उभे पट्टे दिसले. लहरींचा पुरावा.

“तुमचंच बरोबर, म्हणत होते,” वहिनी म्हणाल्या. “म्हटलं, मग फोन करा की. तर म्हणे, आधी त्याला करू दे.”

माईणकरांनी काच डोळ्यावरून काढलीच नाही. ‘पहिलं प्रकरण कणांचंच घेऊ’, एवढं सांगायला तेही फोनचीच वाट बघत बसले होते.