अध्यक्षांचा गुडघा

"इर्शाद, थांब! पळू नकोस!" तालमीच्या फुटबॉल संघाचे अध्यक्ष हिंदुराव सरनोबत गॅलरीतून ओरडले आणि गुडघा धरून मटकन खाली बसले.

जखमी खेळाडूला मैदानात उतरवणाऱ्यानं त्याच्या वेदना यंत्राच्या पट्टीतून स्वतःच्या अंगावर घ्यायच्या, असा नवा कायदा होता. सामना संपेपर्यंत पट्टी निघत नसे.

"तुझं दुखणं माझ्याकडं. तू बिनघोर पळ," सकाळी त्यांनीच पट्टी बांधून घेत इर्शादला सांगितलं होतं. आत्ता इर्शादच्या त्या दुखऱ्या गुडघ्यात काहीतरी कडकन तुटलं होतं.

गोंगाटात शब्द न कळल्यानं पेठेतल्या पोरांना वाटलं, अध्यक्षांना चेव आलाय. त्यांनी हलगीचा ठेका वाढवला.

गोल मारून इर्शाद गॅलरीखाली आला. त्याचा पाय गुडघ्यातून भलतीकडंच वळत होता, आणि तो हसत होता.

"मामा, जरासुद्धा दुखत न्हाई! आणखी एक मारतो."