जिवंत वजन

“रिकाम्या गाडीचं माप मी घेत नाही,” मेकॅनिकबाईंनी ठणकावलं. “चार जिवंत माणसं बसवा. मग सायलेन्सरखालून माझी मूठ सुटली, तर गाडी तुमची.”

गाडीमालकाची पंचाईत झाली. नव्या आखूड स्प्रिंगांवर गाडी तीन बोटं खाली आली होती, दिसतही झकास होती. पण माणसं आणायचं तो साफ विसरला होता. शेजारचा शिंपी आणि समोरचा इलेक्ट्रिशियन हौसेने येऊन बसले. तो स्टिअरिंगवर. मागे एक जागा उरली.

गॅरेजच्या फाटकाशी भाजीची पिशवी घेऊन त्याचे वडील उभे होते. निवृत्त बसचालक. दोन वर्षांपूर्वी त्याने न विचारता ही गाडी घेतली, तेव्हा ‘तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही’ म्हणाले, ते म्हणालेच. विनवण्या करून घरच्यांच्या तोंडाला फेस आला. आज मात्र फजिती बघायला ते आवर्जून आले होते.

“काका, मागे बसा जरा. वजन कमी पडतंय,” बाई म्हणाल्या.

“वजन म्हणून बसतो. गाडीत बसलो असं कुणी समजू नये.”

आरशात वडील दिसले. ताठ, पिशवी मांडीवर. त्याला इतका आनंद झाला की त्याने झटकन नजर समोर वळवली. न जाणो, उतरायचे.

बाई गाडीखालच्या खड्ड्यात उतरल्या. खड्ड्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर, सायलेन्सरखाली, त्यांनी मूठ धरली. अडकली.

“कुणी उठायचं नाही!” त्या खालून ओरडल्या. सायलेन्सर ज्यांवर टांगतात ती रबरं काढून त्यांनी आखूड लावली. नळी वर सरकली, मूठ सुटली.

“आता फाटकासमोरचा गतिरोधक.”

तो सरळच निघाला.

“तिरकी घे, तिरकी!” मागून वडिलांचा आवाज आला. “एकेक चाक चढव. हळू रे, सासुरवाडीला निघालायस का?”

गाडी अलगद पलीकडे उतरली. खालून हूं की चूं नाही. शिंप्याने टाळ्या पिटल्या.

परत आल्यावर शिंपी उतरला, इलेक्ट्रिशियन उतरला.

“काका, झालं माप. उतरा आता,” बाई म्हणाल्या.

वडिलांनी मांडीवरची पिशवी शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली आणि मागे टेकले.

“उतरतो की,” ते म्हणाले. “घर आल्यावर.”